खांद्यावर दोनदा थोपटलं

१ डिसेंबर, रविवार. परतीच्या बसमध्ये.

आज काय घडलं, ते क्रमाने:

१. बॅडमिंटन लीगचा सामना. एका सामन्यात दुहेरीच्या दोन लढती, एकेरीची एक. आमच्या कंपनीकडून एकेरीत मी, उओझुमी सावाको, वय एकोणतीस.
२. पहिला गेम १३-२१.
३. दुसरा गेम ९-२१.
४. दुहेरीची एक लढत आम्ही जिंकलो, एक हरलो. म्हणजे संघ माझ्यामुळे हरला, असं गणिताचं म्हणणं.
५. लढत संपल्यावर टोगाशी कोचनी माझ्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. म्हणाले, "बराच काळ ओढलंस. दमली असशील."
६. बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

आता विश्लेषण. हॉलमध्ये एसीचा झोत होता. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, त्याला झोत पुरतो. मी सामन्याआधी टिश्यूची पट्टी धरून झोताची दिशा तपासली होती. दुसऱ्या गेममध्ये बाजू बदलल्यावर झोतही बदलला असणार. समोरच्या मुलीलाही तोच झोत होता हे खरं, पण ती बुटकी आहे.

मुद्दा ६: सगळ्यांना माझ्या एकाग्रतेचा आदर आहे.

मुद्दा ५ तपासायला हवा. खांदा खरंच आखडलाय का?

३ डिसेंबर, मंगळवार.

सकाळी मापन विभागात. आमची कंपनी पाण्याचे व्हॉल्व्ह बनवते. कारखान्यात जी उपकरणं मापं घेतात, ती बरोबर मोजतात की नाही हे मी मोजते. दुपारनंतर सराव. कंपनीच्या संघातले सगळे असंच अर्धे कर्मचारी, अर्धे खेळाडू. माझ्याबाबतीत खेळाडूचा अर्धा भाग मोठा आहे.

सरावाआधी फिजिओ नोझाकी-सानकडे खांदा दाखवला. त्यांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"काय झालंय याला? नव्या बिजागरीसारखा आहे. दुखतो म्हणून कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कोचनी थोपटलं."

"एकदा?"

"दोनदा."

नोझाकी-सान पाठ फिरवून टॉवेलांच्या घड्या घालू लागल्या. टॉवेल आधीच घडी केलेले होते.

नोंद म्हणून: खांद्यावर थोपटण्याला ऑफिसात दुसरा अर्थ आहे. 'आता आपण होऊन बाजूला व्हा' हे साहेबाला तोंडाने म्हणवत नाही, म्हणून तो हाताने म्हणतो. पण हे पन्नाशीच्या कारकुनांचं. खेळाडूचा खांदा हा कामाचा अवयव आहे, त्यावर कोच थोपटणार नाही तर कुठे? तो अर्थ इथे लागू नाही. विषय बंद.

संकल्प: रोज सकाळी सहाला धावणं.

९ डिसेंबर, सोमवार.

धावणं स्थगित. बर्फ पडला. (आज सकाळी पडला. आधीचे पाच दिवस पडेल असं वाटत होतं.)

सरावात वाकाबाशी खेळले. वाकाबा एकोणीस वर्षांची, शाळेतून थेट संघात आलेली. माझ्याखेरीज एकेरी खेळणारी ती एकटीच. ११-२१, ८-२१. नव्या मुलींना सुरुवातीला आत्मविश्वास द्यावा लागतो. तो मी दिला. दुसऱ्या गेममध्ये जरा जास्तच दिला गेला.

खेळून झाल्यावर तिने कमरेत वाकून तीनदा माफी मागितली. मी म्हटलं, "जिंकल्यावर माफी मागायची नसते." ज्येष्ठ खेळाडूला म्हणायची पद्धत आहे तसं ती म्हणाली, "हो, सेनपाई. माफ करा."

२६ डिसेंबर, गुरुवार. तोक्यो.

राष्ट्रीय स्पर्धा. पहिल्या फेरीत बाहेर. समोर कॉलेजातली एक मुलगी, दातांना तारा लावलेल्या. हसली की वरचे दिवे तारांत चमकतात, आणि ती प्रत्येक गुणाला हसत होती. पंचांकडे तक्रार करावी का, असं हामागिशी-सानना विचारलं. त्या आमच्या कर्णधार, दुहेरी खेळतात, वय एकतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

त्या म्हणाल्या, "काय म्हणून करणार? मुलीला दात आहेत म्हणून?"

कर्णधाराने खेळाडूच्या पाठीशी उभं राहायला हवं. वय झालं की माणसं विनोदाचा आधार घेतात.

पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट: उपांत्य फेरी. मधल्या फेऱ्या तपशिलाचा भाग आहेत.

१ जानेवारी, बुधवार. घरी.

देवळात जाऊन भाकिताची चिठ्ठी काढली. निघालं 'अखेरीस शुभ'. नेमकं उत्तर. आता जे चाललंय ते अखेर नाही, एवढं त्यातून सिद्ध होतं. चिठ्ठीवर स्पर्धांसाठी वेगळी ओळ होती, 'आग्रह नको'. छपाईची चूक असावी.

आईने सूपमध्ये मोचीचे, म्हणजे तांदळाच्या चिकट वडीचे, तीन तुकडे वाढले. म्हणाली, "तुझी खोली आहे हं तशीच. कधीही ये. फक्त सध्या तिथे मुळे वाळत घातलेत."

मी म्हटलं, कायमची यायचा काही प्रश्न नाही. ती म्हणाली, "मी कुठे कायमचं म्हटलं? मुळे फेब्रुवारीत निघतील."

२० जानेवारी, सोमवार.

महत्त्वाचा दिवस. शब्दशः नोंदवते.

सराव संपल्यावर टोगाशी कोचनी आपल्या खोलीत बोलावलं. चहा स्वतः केला. आठवड्यापूर्वी मी गुडघे न वाकवता खेळते म्हणून ओरडणारा माणूस आज बिस्किटाचं पाकीट उघडून देत होता.

म्हणाले, "मार्चअखेर एक टप्पा पुरा करायचा, असं ठरलंय. वरच्यांशी बोलणं झालं. इतकी वर्षं म्हणजे काही थोडं नाही."

मी विचारलं, "नक्की ठरलंय?"

"ठरलंय. वाईट वाटतं गं. पण शरीर ते शरीर. एप्रिलपासून नव्या पोरींना वाव द्यायचा. हे बाकी कोणाच्याही आधी तुझ्या कानावर घालावंसं वाटलं."

आपल्या बोलण्यात कर्ता नसतो. ज्याच्याविषयी बोलायचं त्याचं नाव घेणं म्हणजे त्याच्या अंगावर धावून जाणं. ऐकणाऱ्याने नाव मनातल्या मनात भरायचं. तांत्रिक शिक्षण झालेल्या माणसाला हे अवघड नाही. वय, शरीर, नव्या पोरी. मी भरलं: हामागिशी-सान.

आणि हे मला सगळ्यांच्या आधी सांगितलं जातंय, याचा अर्थ पुढची कर्णधार कोण हेही मी भरलं.

मी म्हटलं, "समजलं. निरोप समारंभाचं मी बघते."

कोच दचकले. "छे छे, तू कशाला? बघेल की कोणीतरी."

"दुसऱ्या कोणाला दिलं तर जागा वेळेवर मिळणार नाही. मीच करते."

"तू? स्वतः?"

"स्वतः."

त्यांनी कप खाली ठेवला. "उओझुमी, इतकी वर्षं बघतोय तुला. आम्ही तुला ओळखलंच नाही." मग डोळे पुसले. त्या खोलीतल्या हिटरने हवा फार कोरडी होते. मेंटेनन्सला कळवलं पाहिजे.

२४ जानेवारी, शुक्रवार.

बातमी संघात पोचली आहे. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. नेट बांधायला गेले तर वाकाबाने हातातून दोरी घेतली. "सेनपाई, तुम्ही बसा ना."

कर्णधारपद जाहीर व्हायच्या आधीच एवढा मान. मी बसले.

संकल्प: मान मिळाल्याने सराव कमी होऊ द्यायचा नाही. (आज कमी झाला. बसायला सांगितलं होतं.)

६ फेब्रुवारी, गुरुवार.

निरोपाच्या जेवणात आणि भेटवस्तूत ज्याला निरोप द्यायचा त्याची आवड बघावी, हे माझं तत्त्व आहे. म्हणून हामागिशी-साननाच विचारायचं ठरवलं, अर्थात आडवळणाने. कँटीनमध्ये त्या टोफूचा रस्सा पीत होत्या.

मी विचारलं, "मार्चच्या जेवणाला काय ठेवावं? तुम्हाला काय आवडतं?"

"मला? माझं काय विचारतेस?" मग म्हणाल्या, "मला विचारशील तर होतारुइका. मार्चअखेर म्हणजे ऐन हंगाम. पण तू तर त्यांना शिवतसुद्धा नाहीस ना?"

होतारुइका म्हणजे आमच्या खाडीतली बोटाएवढी, अंधारात चमकणारी माखुळं. खरं आहे, मी शिवत नाही. त्यांना डोळे असतात.

म्हटलं, "प्रश्न माझ्या आवडीचा नाही."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "अगं, अशी कशी तू? अशा वेळीसुद्धा दुसऱ्यांचं बघायचं?"

"आणि भेटवस्तू? समजा, गुडघ्यांना शेक देणारा विजेचा पट्टा घेतला तर?"

"छान आहे. मी तर रोज वापरीन असला. पण तुला... नाही, घे. तुला वाटतंय ना, मग तोच घे." आणि टेबलावरून हात पुढे करून त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रस्सा तिखट असावा.

मला म्हणायचं होतं की थांबण्यातही शोभा असते, प्रत्येकाला कधीतरी बाजूला व्हावं लागतं, वगैरे. थोडंफार म्हटलंही. त्या म्हणाल्या, "किती मोठ्या मनाची आहेस गं. मी असते तर भांडी फोडली असती."

म्हणजे मनातून फोडतायत. वर हसू. खरी कर्णधार.

पट्ट्याची ऑर्डर दिली. होतारुइका तिन्ही प्रकारे: उकडलेली मिसोच्या चटणीबरोबर, तळलेली, कच्ची.

१६ फेब्रुवारी, रविवार.

हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. एकेरीला वाकाबा. मी बाकावर. हुकमाचं पान असंच राखून ठेवतात.

वाकाबा जिंकली, तीन गेममध्ये. तिसऱ्यात मागे होती. मध्यंतरात कोचनी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मी म्हटलं, "उजव्या कोपऱ्यातून ती सरळच मारते. एकदाही तिरका मारलेला नाही." वाकाबाने मान हलवली, आणि पुढची चार शटलं सरळ रेषेत उभी राहून घेतली. खरं तर हे मी समोरच्या मुलीविषयी नोव्हेंबरमध्येच टिपलं होतं. तेव्हा तिच्याविरुद्ध मी हरले होते, पण टिपणात चूक नव्हती.

सामन्यानंतर उद्घोषक काहीतरी लांबलचक बोलले. स्पीकर फुटका. माझं नाव तेवढं ऐकू आलं, आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. कँटीनच्या बाईंनी पिवळ्या फुलांचा गुच्छ आणून दिला आणि रडायला लागल्या.

बाकावर बसून सामना जिंकून दिल्याबद्दल एवढं कौतुक आजवर कोणाचं झालं नसेल. लोकांना खेळातलं कळतं, हे मान्य करायला हवं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

मापन विभागाचे प्रमुख आंझाई-सान यांनी खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं. टेपने लांबी-रुंदी घेतली, पातळी तपासली, एका पायाखाली पुठ्ठा घातला.

म्हणाले, "एप्रिलपासून इथे बसायचं. दिवसभर ऊन येतं."

मी म्हटलं, "मी दुपारी नसतेच."

"नसायचीस," म्हणाले. मग म्हणाले, "दुपारचंच ऊन चांगलं असतं इथे."

त्यांच्या बोलण्यात काळाचा घोळ असतो. माणूस मात्र मायक्रॉनपर्यंत अचूक.

४ मार्च, मंगळवार.

सराव संपल्यावर वाकाबा थांबून राहिली. चपलांशी चाळा करत म्हणाली, "सेनपाई, एक मागू का? तो तुमचा बॅकहँड. मागच्या कोपऱ्यातून, पाठ नेटकडे करून मारता आणि शटल नेटच्या पट्टीवरून घसरतं. नंतर विचारायला कोण असणार?"

म्हटलं, मी इथेच आहे की. ती मान खाली घालून म्हणाली, "हो. इमारतीत."

शिकवला. हा फटका हाताचा नाहीच. अंगठ्याचा आहे. अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूला टेकवायचा, शेवटपर्यंत सैल, आणि शटल लागताना फक्त चिमूटभर दाब. दाब पडला की 'टक्' होत नाही, 'टप्' होतं. मी डोळे मिटून उभी राहिले आणि ती मारत राहिली. टक्. टक्. टक्. "अंगठा," म्हटलं. टक्. "घट्ट धरलास. शटलला आधीच कळतं." टक्. टप्.

मी डोळे उघडले. शटल पलीकडे नेटच्या बुडाशी पडलं होतं. वाकाबा तोंडावर हात ठेवून उभी.

"पुन्हा," म्हटलं. टप्.

हा फटका बसवायला मला दोन वर्षं लागली होती. ती अर्ध्या संध्याकाळात घेऊन गेली. दिवे बंद करणारे गृहस्थ दारात उभे होते, पण त्यांनी बटणाला हात लावला नाही.

आज संकल्प काही नाही.

७ मार्च, शुक्रवार.

निरोपाचा सह्यांचा पुठ्ठा फिरवला. मधे नाव लिहायची जागा कोरी ठेवली. ते काम सुवाच्य अक्षराचं, ते मी शेवटी करणार. लोकांनी भोवताली लिहायचं. माझ्या देखत लिहायला सगळे संकोचत होते, म्हणून पाकिटात घालून पुढे पाठवा म्हटलं.

वाकाबा म्हणाली, "सेनपाई, तुम्ही स्वतः फिरवताय?"

म्हटलं, "काम नीट व्हायचं तर स्वतःच करावं लागतं."

ती पुठ्ठा घेऊन स्वच्छतागृहात गेली, ती बराच वेळ आली नाही. हामागिशी-सानवर हिचा इतका जीव होता हे मला माहीत नव्हतं.

११ मार्च, मंगळवार.

निमंत्रणाचा मजकूर तयार केला. सौजन्य म्हणून त्यात कोणाचंही नाव घातलं नाही: 'मार्चअखेर टप्पा पूर्ण होत असल्याने निरोप समारंभ योजिला आहे.' कंपनीबाहेर जाणारा मजकूर विभागप्रमुखांना दाखवावा लागतो. हॉटेलवाला बाहेरचा, म्हणून आंझाई-सानना दाखवला.

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. ड्रॉइंग तपासतात तसं.

म्हणाले, "कर्ता नाही."

म्हटलं, "सगळ्यांना माहीत आहे."

"हॉटेलला नाही ना. त्यांना दारावर पाटी लावायची असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या हाताने लिहायला अवघड वाटतं, ते समजतं मला. मी लिहितो."

त्यांनी पेन्सिल घेतली. 'निरोप समारंभ'च्या वर, बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं: उओझुमी सावाको.

मी बघितलं. अक्षरं बरोबर होती. चित्रलिपीतल्या माझ्या नावात 'मासा' आणि 'राहणं' ही दोन अक्षरं आहेत, पुष्कळ लोक दुसरं चुकवतात. आंझाई-साननी चुकवलं नव्हतं.

ते म्हणाले, "बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

"आणि भाषण कोणाचं? हामागिशीचं ना? शोभेल. एप्रिलपासून ती सहायक कोचही आहे."

"हो," म्हटलं. "त्यांचंच."

जागेवर येऊन बसले. आमच्या विभागात नियम आहे. एखादं उपकरण चुकीचं मोजतंय असं आढळलं, तर ते मागच्या तपासणीपासून ज्या ज्या वस्तूला लागलं, ती प्रत्येक वस्तू पुन्हा मोजायची. सबब चालत नाही. घरी येऊन डिसेंबरपासूनच्या नोंदी वाचल्या. कोचची वाक्यं, नोझाकी-सानचे टॉवेल, गुच्छ, खिडकी. रिकामी जागा दिसली की तिथे नाव भरत गेले. सगळीकडे एकच बसलं. एसीचा झोत तेवढा राहिला. तिथे कर्ता नाहीच. झोत होता असं मी सोडून कोणी म्हटलेलंही नाही.

१२ मार्च, बुधवार.

मला माहीत नव्हतं हे कोणालाही माहीत नाही. तसंच राहील.

दुकानात फोन केला. विजेचा गुडघेपट्टा परत घेत नाहीत. माझे गुडघे उत्तम आहेत. हॉटेललाही केला. होतारुइकांची ऑर्डर बदलता येणार नाही, बोटवाल्याला आगाऊ सांगून झालंय. "तुमच्या पाहुण्यांना फार आवडतात, असं म्हणाला होतात ना?" असं हॉटेलवाल्या बाईंनी विचारलं. म्हटलं, हो. तिन्ही प्रकारे.

पुठ्ठ्याच्या मधल्या कोऱ्या जागेत नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं. भोवतालचं अजून वाचलेलं नाही. ते ज्याचं असतं त्याने समारंभात वाचायचं असतं. एक फक्त दिसलं, कारण ते नावाला चिकटूनच होतं. नुसतं 'टप्.' खाली सही नाही. कर्ता मी भरला.

संध्याकाळी पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी:

सर्वांना,
या महिन्याच्या अखेरीस उओझुमी सावाको स्पर्धात्मक खेळातून निवृत्त होत आहे. त्यानिमित्त निरोप समारंभ शुक्रवार, २८ मार्च रोजी सायंकाळी स्टेशनसमोरच्या नेहमीच्या हॉटेलात आहे. होतारुइका न खाणाऱ्यांसाठी अंड्याचा भात सांगता येईल (सध्या एक).
गुरुवारी, २० तारखेला सुट्टी आहे. तरी आपण येणार की नाही, हे बुधवार, १९ मार्चपर्यंत कळवावे.
संयोजक: उओझुमी सावाको, मापन विभाग